प्लांतेची बॅटरी आणि आमची विहीर

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि रेवदंड्याच्या आमच्या घरची लाईट गेली ती तीन आठवडे आलीच नाही. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री बसला. बॅटरीतलं पाणी कमी दिसलं म्हणून मी शहाणपणा करून विहिरीचं मचूळ पाणी ओतलं. लाईट आल्यावर बॅटरी चार्जच धरेना. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. माझं नेमकं काय चुकलं ते पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर शोधलं, तेव्हा गास्तों प्लांते भेटला. आपल्या टेक्स्टबुकात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आहे.

त्याचा जन्म 22 एप्रिल 1834 रोजी फ्रान्सच्या दक्षिणेकडील ऑर्थेझ गावी झाला. विसाव्या वर्षी, म्हणजे माझ्याच वयात, तो पॅरिसमध्ये फिजिक्सचा लॅब असिस्टंट होता. 1855 मध्ये त्याला पॅरिसजवळ एका अवाढव्य, न उडणाऱ्या पक्ष्याचं जीवाश्म सापडलं. त्याच्या नावावरूनच त्या पक्ष्याला गॅस्टॉर्निस म्हणतात. (आमचं नाव अजून हॉल तिकिटावरही नीट छापून येत नाही!)

त्या काळी सेल संपला की संपला. 1859 मध्ये प्लांतेने शिशाचे दोन पत्रे मध्ये अंतर ठेवून गुंडाळले आणि पातळ सल्फ्युरिक अॅसिडमध्ये बुडवले. उलट दिशेने करंट सोडला की हा सेल पुन्हा भरायचा. पुढच्याच वर्षी त्याने नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली.

पण नवे पत्रे चार्ज फारच थोडा धरत. मग चार्ज करायचं, रिकामं करायचं, दिशा उलटवायची, काही दिवस तसंच ठेवायचं, पुन्हा सुरू. असं महिनोन्‌महिने केल्यावर शिशाचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि बॅटरी सुधारे. आपल्याला एक प्रॅक्टिकल दोनदा करायचा कंटाळा येतो! त्यात चांगले डायनॅमो अजून आलेले नव्हते, म्हणजे चार्जिंगसाठीही साधे सेलच खर्ची घालायचे. त्यामुळे सुमारे वीस वर्षं ही बॅटरी बहुतेक लॅबमध्येच राहिली. प्लांतेने तिचा नाद सोडला नाही. शेकडो सेल जोडून तो आकाशातल्या विजेसारख्या ठिणग्यांचा अभ्यास करत बसला. 1879 मध्ये त्याने हे सगळं काम पुस्तकरूपाने मांडलं.

पत्रे असे जपून का वापरायचे, ते त्याच्या सेलकडे बघितलं की कळतं. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटींवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते सुटतं, पण बॅटरी रिकामीच पडून राहिली तर ते कडक होऊन बसतं. आमची तीन आठवडे पडून होती. वर मचूळ पाण्यातल्या क्लोराइडने प्लेटी खाल्ल्या त्या वेगळ्याच. तिथे डिस्टिल्ड वॉटरच लागतं.

1881 मध्ये कामीय फोर याने पत्र्यांवर लेड ऑक्साइडची पेस्ट थापली आणि ती महिनोन्‌महिन्यांची तयारी कितीतरी कमी झाली. त्याच वर्षी पॅरिसच्या रस्त्यावर गुस्ताव त्रुवेची बॅटरीवरची तीनचाकी धावली. प्लांते तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता. 21 मे 1889 रोजी तो पॅरिसजवळ वारला.

आमची जुनी बॅटरी भंगारात गेली. नवीन बॅटरीत पाणी घालायचं काम आता माझ्याकडे आहे. आजोबा मात्र शेजारी उभे राहून कॅनवरचं लेबल वाचूनच घेतात.