पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि विवेक



देवाविषयी कोणाचा शब्द प्रमाण मानावा, हा प्रश्न कधीतरी तुमच्याही मनात आला असेल. ख्रिस्ती धर्मात तो फार जुना आहे. कोणी चर्चच्या परंपरेला मोठा अधिकार दिला. १६व्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी बायबललाच अंतिम प्रमाण मानले.

पंडिता रमाबाईंना (१८५८–१९२२) हा प्रश्न प्रत्यक्ष जगावा लागला. आईवडिलांकडून त्या संस्कृत शिकल्या. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरविले. पतीच्या निधनानंतर त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परका देश, सोबत लहानगी मनोरमा आणि आधार मठातील भगिनींचा. त्या भगिनींची अपेक्षा होती की रमाबाईंनी चर्चची शिकवण जशीच्या तशी स्वीकारावी. रमाबाईंनी नकार दिला. चर्च सांगते एवढ्यावरून त्रैक्याचा सिद्धांत मानायला त्या तयार नव्हत्या. बायबल त्यांनी मानले, पण ते स्वतः वाचून, सदसद्विवेकाला विचारून.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. छपाईचे कामही तेथील स्त्रियांनीच केले. साध्या बाईलाही धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा, ही त्यांची तळमळ होती.

साधकहो, गुरुवचनावर श्रद्धा जरूर ठेवा. पण आज दोन क्षण शांत बसून स्वतःला विचारा : मी जे मानतो, ते मी समजून घेतले आहे का?