नाजूक प्रकृतीचा पशुवैद्य आणि टायरमधली हवा

डनलॉप म्हटलं की माझ्या पिढीतल्या माणसांना आधी गादी आठवते. आमच्या लहानपणी कुणाच्या घरी डनलॉपची गादी आली, की शेजारपाजारची मुलं ती दाबून बघायला जायची. त्यानंतर आठवतो टायर. पण डनलॉप हे एका माणसाचं आडनाव आहे, तो माणूस पशुवैद्य होता आणि आपली प्रकृती फार नाजूक आहे अशी जन्मभर त्याची खात्री होती, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मृग नक्षत्र तोंडावर आलंय. छत्र्या बाहेर निघतात, घरावरची कौलं चाळली जातात, तशी गाडीही एकदा पावसाळ्यासाठी तपासून घ्यायचे हे दिवस. त्या निमित्ताने या डॉक्टरची गोष्ट.

जॉन बॉइड डनलॉप यांचा जन्म 5 फेब्रुवारी 1840 चा, स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न गावचा. घर शेतकऱ्याचं. आपण दोन महिने आधीच जन्मलो, अपुऱ्या दिवसांचे आहोत, अशी त्यांची समजूत होती, आणि म्हणून आपल्याला जपून राहायला हवं हे त्यांनी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. 1840 मध्ये काचेची पेटी नव्हती की नळीतून दूध देण्याची सोय नव्हती. तशा काळात खरोखरच सातव्या महिन्यात जन्मलेलं मूल जगलं असेल, तर ते नाजूक नव्हे, चांगलंच चिवट म्हणावं लागेल! पण अशी माणसं आम्हा डॉक्टरांना नवी नाहीत. पंचविशीपासून ती आपल्या प्रकृतीची काळजी करत राहतात, आणि त्यांची टिंगल करणारे मित्र आधी जातात.

एडिंबरोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून डनलॉप यांनी त्या भागात सुमारे दहा वर्षं काम केलं. 1867 मध्ये ते आयर्लंडला आले. तिथे आधी भावाबरोबर डाउनपॅट्रिक गावी आणि मग बेलफास्टच्या मे स्ट्रीटवर त्यांनी दवाखाना चालवला. ऐंशीच्या दशकापर्यंत तो आयर्लंडमधल्या सर्वांत मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांपैकी एक झाला होता. त्या काळी पशुवैद्याचा मुख्य रुग्ण म्हणजे घोडा. मालाची ने-आण, टपाल, घोड्यांच्या ट्राम, सगळं शहर घोड्याच्या पायांवर चालत होतं. रस्ते दगडी, चाकांना लोखंडी पट्ट्या. डनलॉप यांचं 1871 मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी लग्न झालं होतं आणि त्यांना एक मुलगी व एक मुलगा होता. चांगला चाललेला दवाखाना आणि चौकोनी कुटुंब. सत्तेचाळिसाव्या वर्षी या माणसाने काही नवं करण्याचं काहीच कारण नव्हतं.

कारण दिलं ते मुलाने. नऊ-दहा वर्षांच्या जॉनीकडे तीनचाकी सायकल होती. तिच्या टणक चाकांवरून बेलफास्टच्या दगडी रस्त्यांवर चालवताना अंगातली हाडं न्‌ हाडं खिळखिळी होत. 1887 च्या ऑक्टोबरात डनलॉप यांनी पातळ रबराची एक नळी केली, लाकडाच्या चकतीभोवती ती कापडाच्या पट्टीने बसवली आणि फुटबॉलच्या पंपाने तिच्यात हवा भरली. मग घराच्या अंगणात एकदा जॉनीच्या सायकलचं जुनं चाक आणि एकदा ही चकती, असं दोन्ही जोर लावून सोडून पाहिलं. जुनं चाक थोडं जाऊन आडवं पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उलट मागे आलं. त्यानंतर सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांवर हवेच्या नळ्या चढल्या, आणि 28 फेब्रुवारी 1888 च्या रात्री, रस्ते मोकळे असताना, जॉनी पहिल्या फेरीला निघाला.

इथे जरा थांबतो. आमच्या वॉर्डात महिनोन्‌महिने पडून असलेल्या रुग्णाला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घालतात. शरीराचं वजन एखाद्या टोकदार हाडावर न पडता हवेवर सगळीकडे वाटलं जातं, म्हणून कातडी वाचते. डनलॉप यांनी चाकाखाली नेमकं हेच केलं. गाडी पेलते ती टायरमधली हवा. रबर आणि आतले दोरे यांचं काम त्या हवेला धरून ठेवण्याचं. साधा हिशेब करा. 1200 किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर 300 किलो. टायरमध्ये 33 पीएसआय हवा म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.3 किलो दाब. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे 130 चौरस सेंटिमीटर. आपलं साधं पोस्टकार्ड तेवढंच असतं. तुमचं सगळं कुटुंब, सामान आणि ताशी शंभरचा वेग, हे चार पोस्टकार्डांवर टेकलेलं असतं.

हवा कमी असली तर टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त दबते, पुन्हा उभी राहते, पुन्हा दबते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसा टायर आतून तापतो. मे महिन्यात समृद्धीसारख्या लांब, सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर गाडी तासन्‌तास वेगात राहिली की असा टायर फुटतो, आणि लोक उन्हाला दोष देतात. ऊन असतंच, पण मूळ दुखणं बहुतेक वेळा कमी हवेचं असतं. हवा तपासावी ती गाडी थंड असताना, सकाळी. चालून आलेल्या गाडीत चार-पाच पीएसआय जास्त दिसतात, म्हणून पंपावरचा पोरगा हवा सोडायला लागला तर त्याला थांबवावं. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. टायरवर छापलेला आकडा हा त्याने सोसण्याची कमाल मर्यादा, रोजचा डोस नव्हे. नायट्रोजनविषयी बरेच जण विचारतात. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. तो भरा किंवा भरू नका, महिन्यातून एकदा मोजा.

ऋतू बदलला की आकडाही बदलतो. नागपुरात मेमधल्या 40 अंशांत 33 भरलेली हवा, गळती अजिबात नसली तरी, डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटे 28-29 वर आलेली असते. टायर पंक्चर नाही, काही दिसत नाही, आणि गाडी मात्र अर्धपोटी चालत असते.

पुन्हा बेलफास्टला येऊ. डनलॉप यांना 1888 मध्ये पेटंट मिळालं. हे जाडेभरडे टायर बघून लोक हसले. मग विली ह्यूम नावाच्या एका सायकलपटूने ते लावले, आणि 18 मे 1889 रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो उतरलेली प्रत्येक शर्यत जिंकला. त्याच्याकडून हरलेल्यांत हार्वे ड्यू क्रॉस या डब्लिनच्या उद्योजकाची मुलं होती. मुलं का हरली याचा शोध घेत बाप डनलॉपपर्यंत पोचला आणि त्याच वर्षी डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. डनलॉप यांनी पेटंट कंपनीला दिलं, बदल्यात 1500 शेअर घेतले.

आणि मग धक्का बसला. कंपनीला कळवण्यात आलं की हे पेटंट टिकणार नाही, कारण हवेच्या चाकाची कल्पना पूर्वीच नोंदलेली आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने ती 1845 मध्येच मांडली होती आणि लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला अशी चाकं लावून चालवूनही दाखवली होती. पण तेव्हा पातळ, टिकाऊ रबर मिळणं अवघड होतं, सायकल आजच्या रूपात नव्हती, मोटार तर नव्हतीच. थॉमसन 1873 मध्ये वारले तेव्हा त्यांचं चाक लोक विसरून गेले होते. डनलॉप यांनी ते चोरलं असं कुणी म्हणत नाही. दोघांनी आपापल्या वाटेने तेच शोधलं. वैद्यकातही असं होतं, आणि तिथेही नाव बहुतेक वेळा दुसऱ्याचं राहतं.

कंपनी वाचली ती ड्यू क्रॉसच्या हुशारीने. डनलॉप यांचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचं म्हणजे अर्धा दिवस. 1890 च्या सुमारास वेल्श आणि बार्टलेट या दोघांनी काढता-घालता येणारे टायर शोधले. ड्यू क्रॉसने ते हक्क मिळवले. सायकलच्या दुकानात आपण लहानपणी ज्या चार आण्याच्या व्हॉल्व्ह-ट्यूबसाठी धावायचो, तो रबरी नळीचा व्हॉल्व्हही याच काळातला. त्याला आजही काही देशांत डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात, जरी तो वुड्स नावाच्या माणसाचा. 1895 मध्ये फ्रान्सच्या मिशलँ बंधूंनी पॅरिस-बोर्दो शर्यतीत मोटारीला हवेचे टायर लावले. वाटेत पंक्चरमागून पंक्चर झाली, पण मोटार हवेवर चालते हे सिद्ध झालं.

त्या मोटारींच्या टायरवर आजच्यासारखी नक्षी नव्हती. नक्षी आली ती ओल्या रस्त्यासाठी, आणि आपल्याला आता तिच्याशीच काम आहे. टायरवरच्या खाचा म्हणजे पाण्याच्या पन्हाळी. टायरखाली आलेलं पाणी त्यांतून बाहेर जातं आणि रबर रस्त्याला टेकतं. खाचा झिजल्या की पाण्याला वाट राहत नाही, टायर पाण्यावर उचलला जातो, आणि मग स्टिअरिंग फिरवलं काय, ब्रेक दाबला काय, गाडीला ते कळत नाही. गेल्या जूनमध्ये आमच्या अपघात विभागात मांडीचं हाड मोडलेला एक तरुण आला. गाडी वेगात नव्हती, तो प्यायलेला नव्हता, सीटबेल्ट लावलेला होता. त्याच्या भावाने मोबाइलवर गाडीचे फोटो दाखवले. गाडी चकचकीत होती आणि टायर केळीच्या पानासारखे गुळगुळीत. ओळीने चार-पाच हजारांचे सीट-कव्हर बसवणारी माणसं टायर मात्र अजून एक पावसाळा काढेल म्हणून ढकलतात. कायद्याने मोटारीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर त्यांच्या पातळीला आला की तो बदलायचा. खरं तर आपल्याकडच्या पावसासाठी त्याच्या आधीच बदलावा.

टायरला वयही असतं. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर 2019 सालातला 23 वा आठवडा. कमी चाललेली गाडीही उन्हात उभी राहून राहून टायरला भेगा पाडून घेते. आणि स्टेपनी! दोन वर्षांपूर्वी रात्रपाळी उरकून मी आंबा घाटातून येत होतो. टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्यात हवाच नव्हती. चार वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता, म्हणजे मीच लावला नव्हता. पावसात दीड तास उभा राहिलो.

बदललेला टायर कुठे जातो, हे मात्र मी डॉक्टर म्हणून विचारणारच. गच्चीवर, गॅरेजच्या मागे, पत्र्यावर वजन म्हणून. त्याच्या पोटात पावसाचं पाणी साचतं, सावली असते, आणि डेंग्यूचा एडिस डास तिथे अंडी घालतो. पाणी आटलं तरी ती अंडी कित्येक महिने कोरडी तग धरतात आणि पुढच्या सरीत उघडतात. जुन्या टायरांच्या व्यापारातून या जातीचा आशियाई डास समुद्र ओलांडून अमेरिकेत पोचला. 1985 मध्ये तो टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये वस्ती करून असलेला आढळला. तेव्हा जुना टायर दुकानदाराकडेच द्या. ठेवायचाच असेल तर भोकं पाडून ठेवा किंवा छपराखाली ठेवा.

डनलॉप पुढे पशुवैद्यकी सोडून कुटुंबासह डब्लिनला गेले. कंपनीच्या कारभारात त्यांचं मन फारसं रमलं नाही. ते संचालकपदावरून बाजूला झाले आणि 1896 मध्ये ती कंपनी 30 लाख पौंडांना विकली गेली तेव्हा त्या पैशाच्या पुरात ते नव्हते. त्यांचा दाढीवाला चेहरा मात्र व्यापारचिन्ह म्हणून जगभर फिरला. आपल्याकडे हुगळीकाठच्या साहागंजला 1936 मध्ये त्यांच्या नावाचा कारखाना सुरू झाला, आणि पुढे हवेच्या टायरची बैलगाडी गावोगाव ऊस वाहू लागली. बैलाच्या खांद्याला किती आराम मिळाला, हे त्या पशुवैद्याला बघायला आवडलं असतं.

डब्लिनमध्ये कापडाच्या व्यापारात त्यांचा भाग होता. थंडीवाऱ्यापासून जपत, बेताने राहत ते एक्याऐंशी वर्षांचे झाले. 1921 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना गारठा बाधला आणि 23 तारखेला, घरच्यांना कल्पनाही नसताना, ते गेले. जन्मभर ज्या प्रकृतीची त्यांनी काळजी केली, तिचं हे पहिलंच गंभीर दुखणं होतं.