वारा लहरी, लाईट सरळ : डेन्मार्कच्या खेड्यातले मास्तर पोल ला कूर

कपिलधार (ता. बीड) : मन्मथस्वामींचं कपिलधार ज्या बालाघाटाच्या कुशीत आहे, त्याच डोंगररांगेवर आता जागोजागी पवनचक्क्या उभ्या आहेत. पण वारा काही ठरलेला नसतो. सकाळी पडतो, दुपारी उसळतो. अशा लहरी वाऱ्यातून कामाची वीज कशी काढायची, या एका प्रश्नामागे डेन्मार्कमधल्या एका मास्तरांनी आयुष्याची सतरा वर्षं घातली. त्यांचं नाव पोल ला कूर.

१८४६ साली एबेलटोफ्टजवळ शेती असलेल्या घरात त्यांचा जन्म झाला. शिक्षण हवामानशास्त्राचं. १८७२ मध्ये डेन्मार्कची हवामान संस्था निघाली, तिथं ते उपप्रमुख होते. तारयंत्रातही त्यांनी शोध लावले. राजधानीतली चांगली नोकरी, पण १८७८ मध्ये ती सोडून ते आस्कोव या खेड्यातल्या लोकशाळेत शिकवायला गेले. ही शाळा शेतकऱ्यांच्या तरुण पोरांची.

तेव्हा शहरात विजेचे दिवे लागत होते, खेड्यात अंधार. अशानं पोरं गाव सोडणार, ही ला कूर यांची काळजी होती. ती आपल्याकडं आजही जुनी झालेली नाही.

१८९१ मध्ये सरकारी मदतीतून त्यांनी शाळेजवळ चार पात्यांची पवनचक्की उभी केली आणि तिला डायनामो जोडला. पहिली अडचण वाऱ्याचीच. झोत आला की डायनामो सुसाट, वारा पडला की थंड. त्यावर त्यांनी काढलेला उपाय पिठाच्या गिरणीचा पट्टा पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. त्यांनी पट्ट्याला ताण द्यायला वजन लावलं. वजन ठरलेलं, म्हणून ताणही ठरलेला. वाऱ्याचा जोर वाढला की पट्टा घसरायचा, जादा जोर डायनामोपर्यंत पोचायचाच नाही. या जुगाडाला त्यांनी क्रॅटोस्टॅट असं भारदस्त नाव दिलं.

राहिला प्रश्न वारा नसलेल्या दिवसांचा. त्यांनी विजेनं पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे केले, टाक्यांत साठवले आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. १८९५ ते १९०२ असे सात वर्षं ते चालले. पण गॅसमध्ये गॅस मिसळून स्फोट व्हायचे, शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटायच्या. पुढं बॅटरीवर काम होऊ लागलं आणि १९०२ पासून आस्कोव गावालाही वीज मिळाली.

पाती किती असावीत, हेही त्यांनी अंदाजावर सोडलं नाही. कृत्रिम वाऱ्यात छोटी मॉडेलं फिरवून पाहिली. जास्त पात्यांपेक्षा थोडी आणि वेगानं फिरणारी पाती वीज काढायला बरी, हे त्यातून दिसलं. आजच्या चक्क्यांत तर पातीच मुळाशी वळतात, वाऱ्याप्रमाणं कोन बदलतात आणि वादळ आलं की वाऱ्याला धार देऊन थांबतात.

१९०४ मध्ये ला कूर यांनी खेड्यातल्या पोरांसाठी वायरमनकीचा वर्ग काढला. चार वर्षांनी, १९०८ मध्ये ते वारले. १९१८ पर्यंत डेन्मार्कमध्ये सुमारे १२० गावठी वीजकेंद्रांत पवनचक्की होती. त्यांच्या वर्गात योहानेस यूल नावाचा एक पोरगा होता. त्यानं १९५७ मध्ये गेडसर इथं तीन पात्यांची, २०० किलोवॅटची चक्की उभी केली. ती फारशी देखभाल न करता दहा वर्षं चालली, आणि पुढच्या मोठ्या चक्क्यांनी तिचीच तीन पाती उचलली.