डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर : अल्पचरित्र

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई यांची चरित्रे येतात व ती यावीतच. यंदा मी एका इंग्रज डॉक्टरांचे चरित्र लिहावयास घेतले, याचे काही जणींना नवल वाटेल. परंतु हे गृहस्थ पुष्कळ वर्षे आपल्या मुलखात राहिले, आणि गरिबांच्या ज्या रोगांकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष देत नसे, तेच रोग त्यांनी हाती घेतले. माझी भाची नर्सिंगचा अभ्यास करते. तिने वाचून व समजावून दिले त्यातून ही माहिती जमविली आहे.

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडातील हल या गावी झाला. वडील चित्रकार होते. समुद्रकाठच्या स्कारबरो येथे ते चित्रकला शिकवीत, त्यामुळे मुलाच्या हाताला लहानपणीच वळण लागले. पुढे मुलगा लंडनला सेंट जॉर्ज रुग्णालयात डॉक्टरी शिकला. तेथे हेन्री ग्रे नावाचे एक हुशार डॉक्टर होते. मनुष्याच्या शरीराची रचना सांगणारे मोठे पुस्तक ग्रे यांनी लिहिले व त्यातील साडेतीनशेहून अधिक चित्रे कार्टर यांनी काढली. चित्रे लाकडाच्या ठोकळ्यांवर उलटी काढावी लागत, म्हणजे छापताना ती सुलटी उमटत. हाडाचे, शिरेचे नाव त्या त्या भागावरच लिहिलेले असे, त्यामुळे विद्यार्थ्याला खाली-वर शोधावे लागत नसे. १८५८ साली पुस्तक निघाले आणि जगभर गाजले. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे पैसे मिळावयाचे होते, कार्टर यांना एकदाच दीडशे पौंड मिळाले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कार्टर यांचे नाव आपल्या नावाइतके मोठे नको, असेही ग्रे यांनी छापखान्याला सुचविले होते. आजही जगभर ते पुस्तक ग्रे यांच्याच नावाने ओळखतात. घरचा स्वयंपाक एकीने करावा आणि वाढणारीचे कौतुक व्हावे, तसेच हे झाले.

पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर इंग्लंडात नव्हतेच. १८५८ सालच्या सुरुवातीला ते सरकारी वैद्यकीय नोकरीत शिरून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले आणि शेजारच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात रोगी पाहू लागले. स्वभावाने ते एकलकोंडे होते. रोजनिशी लिहीत व तीत स्वतःलाच दोष देत, देवाधर्माविषयीच्या शंका मांडत. त्या वह्या लंडनच्या एका ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

रुग्णालयात त्यांना एक विचित्र रोग दिसला. शेतकऱ्याचा पाय सुजून टणक होतो, त्यावर गाठी येतात, गाठींना भोके पडून पू वाहतो आणि पुवातून खसखशीएवढे दाणे बाहेर पडतात, कोणाचे काळे तर कोणाचे फिकट. मदुराईकडे हा रोग पुष्कळ, म्हणून त्याला मदुरा पाय म्हणत. दुखणे सुरुवातीस फारसे नसते, हीच त्यातली वाईट गोष्ट. माणूस वर्षानुवर्षे तसाच काम करीत राहतो आणि रोग हाडात शिरतो. कार्टर यांनी ते दाणे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा त्यांना बुरशीसारखे तंतू दिसले. हा रोग बुरशीचा आहे, असे त्यांनी १८६० साली मांडले व त्याला मायसेटोमा हे नाव दिले. तेच नाव आजही चालते. १८७४ मध्ये त्यांनी या रोगावर स्वतंत्र पुस्तक काढले, त्यातील चित्रेही त्यांचीच.

एका बाबतीत मात्र गफलत झाली. बरणीत ठेवलेल्या नमुन्यावर तांबूस बुरशी वाढली. हीच रोगाची बुरशी असे समजून एका इंग्रज तज्ज्ञाने तिला कार्टर यांचे नाव दिले. ती बाहेरून पडलेली होती असे पुढे ठरले. लोणच्याच्या बरणीवर बुरशी येते, तिचा कैरीशी काय संबंध, तसेच ते! पण मूळ विचार खरा ठरला. काळे दाणे बुरशीचेच असतात. फिकट दाण्यांपैकी पुष्कळ मात्र बुरशीसारख्या धाग्यांनी वाढणाऱ्या जंतूंचे असतात, हे नंतर कळले. हा भेद नुसता पुस्तकी नाही. जंतूंच्या दाण्यांना एक औषध लागते, बुरशीच्या दाण्यांना दुसरे, आणि चुकीचे औषध वर्षभर घेतले तरी पाय बरा होत नाही.

माझ्या माहेरच्या नात्यातील एका गृहस्थांना बाभळीचा काटा मोडला होता. नुसती गाठ आहे म्हणून त्यांनी व एका डॉक्टरांनी काही वर्षे ती तशीच चालू दिली. शेवटी पाय घोट्याच्या वर कापावा लागला. त्यांच्या पायातून कसले दाणे येत, ते कोणी विचारलेही नव्हते. कापसाच्या व तुरीच्या रानात आपणही अनवाणी जातो, म्हणून हे लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली हा रोग दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतला. कार्टर यांनी नाव दिल्यावर दीडशेहून अधिक वर्षे त्याला लागली.

१८६३ पासून जवळजवळ दहा वर्षे ते साताऱ्यास सिव्हिल सर्जन होते. तेथे त्यांनी कुष्ठरोगाचा, म्हणजे जुन्या बोलीतल्या महारोगाचा अभ्यास केला. त्या काळी पुष्कळ डॉक्टर तो घराण्यात चालत येतो असे मानीत. रजेवर गेले असता १८७३ मध्ये ते नॉर्वे देशात गेले. तेथे डॉ. हॅन्सन यांना त्याच वर्षी कुष्ठरोग्यांच्या गाठींत काडीसारखे जंतू दिसले होते. कार्टर त्यांना भेटले, तेथील रुग्णगृहे पाहून आले आणि हिंदुस्थानातही रोग्यांना वेगळे ठेवावे असे सरकारला लिहिले. पुढे ते काठेवाडातही या रोगाची पाहणी करून आले.

वेगळे ठेवण्याचा हा सल्ला मला स्वतःला पटत नाही. त्यापायी किती बायकांना घर सोडावे लागले असेल! पण तेव्हा औषध नव्हते, हेही खरे. तो जंतू मोठा हट्टी. दह्याला विरजण लावावे तसे इतर जंतू भांड्यात वाढविता येतात, हा मात्र आजवर कोणाला तसा वाढविता आलेला नाही. तरी १९८० नंतर आलेल्या औषधांच्या जोडीने तो सहा महिन्यांत वा वर्षात बरा होतो आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

१८७६ साली दुष्काळ पडला. दख्खनची उपाशी माणसे मुंबईकडे धावली आणि १८७७ मध्ये तेथे तापाची साथ आली. पाच-सहा दिवस कडक ताप, मग घाम येऊन उतार, आठवड्याने पुन्हा तोच ताप. कार्टर तेव्हा गोकुळदास तेजपाल रुग्णालयात होते. रोग्याच्या रक्ताचा थेंब पाहता त्यांना मळसूत्रासारखे पीळदार जंतू वळवळताना दिसले. असे जंतू बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी पूर्वी पाहिले होते. आपल्याकडचा तापही तोच आहे, हे कार्टर यांनी दाखविले. त्यांना स्वतःलाही हा ताप येऊन गेला. १८८२ मध्ये त्यांनी या तापावर ग्रंथ लिहिला. तो पसरतो कसा, हे मात्र त्यांच्या हयातीत कळले नाही. १९०७ मध्ये नाशिकजवळच्या एका मिशन वसाहतीत मुलांमध्ये साथ आली, तेव्हा मॅकी नावाच्या डॉक्टरांनी कपड्यांतील उवा हे कारण शोधून काढले. दुष्काळात अंगावरचे एकच वस्त्र, धुवावयास पाणी नाही, मग उवा होणारच.

पुढे कार्टर ग्रँट कॉलेजचे प्राचार्य झाले. १८८७ साली त्यांनी हिवतापाचे परजीवी आपल्याकडील रोग्यांच्या रक्तात पाहिले. तेही हिंदुस्थानात नवेच होते. १८८८ मध्ये तीस वर्षांची नोकरी संपवून ते मायदेशी परतले. १८९० साली, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी लग्न केले व त्यांना दोन मुले झाली. पण संसार फार दिवसांचा नव्हता. त्यांना क्षयाने गाठले. क्षयाचा जंतू हा कुष्ठरोगाच्या जंतूचाच जवळचा भाऊबंद. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे त्यांचा अंत झाला, तेव्हा मुले अगदी लहान होती.