वृत्तपत्रकार बाबासाहेब

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनातील महाडचा संगर, संविधानाची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आमच्या घराघरांत ठाऊक आहेत. १९२० पासून १९५६ पर्यंत त्यांनी वृत्तपत्रांचा जो खडतर प्रपंच केला, त्याची आठवण मात्र आम्ही क्वचितच काढतो. बातमी कोणाच्या धाकाने वाकते, हे ते स्वतः सोसून शिकले होते.

‘मूकनायक’ पाक्षिकाचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब त्या वेळी सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. लोकमान्य टिळक तेव्हा हयात होते. लेखनापायी राजद्रोहाचा आरोप सोसून ज्यांनी मंडालेत सहा वर्षे काढली, त्यांच्याच पत्राने मुक्यांच्या नायकाला चार ओळींची जागा नाकारावी, हे आम्हांला केवळ संतापाचे कारण वाटत नाही. त्यात वृत्तपत्रसृष्टीचे एक मर्म आहे. सरकारचा दबाव कायद्याच्या कलमातून येतो, म्हणून तो दिसतो. वर्गणीदारांचा, पक्षाचा आणि जातीचा दबाव कार्यालयातच मुरलेला असतो. बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात विशिष्ट जातींचे हित पाहणाऱ्या पत्रांवर टीका केली. परंतु ‘दीनमित्र’, ‘विजयी मराठा’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘सुबोधपत्रिका’ यांसारखी पत्रे बहिष्कृतांच्या प्रश्नांना अधूनमधून स्थान देतात, हेही नमूद केले. प्रतिपक्षाचे श्रेय न बुडविण्याची ही शिस्त आमच्या आजच्या वादांतही विरळा.

ते उच्च शिक्षणासाठी लंडनला गेल्यावर ‘मूकनायक’ फार काळ टिकले नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर परतणाऱ्या आमच्या माणसांवर हल्ले झाले आणि मराठी पत्रांतून बाबासाहेबांवरच टीकेची झोड उठली. पंधरवड्याच्या आतबाहेर, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. वकिलीचा व्याप सांभाळून त्याचे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहीत. ‘आजकालचे प्रश्न’ या सदरात इतर पत्रांच्या लिखाणाचाही समाचार घेतला जाई. वर्गणी पुरेशी जमली नाही. १९२९ च्या अखेरीस पत्र बंद पडले. त्या दारिद्र्यातही त्यांनी लेखणी कोणाकडे गहाण ठेवली नाही.

‘जनता’ सुरू झाले २४ नोव्हेंबर १९३० रोजी. त्या वेळी बाबासाहेब लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत होते. पुढच्या वर्षी दुसऱ्या परिषदेत त्यांनी गांधीजींसमोर अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघांची मागणी धरली, तेव्हा राष्ट्रीय म्हणविणाऱ्या पत्रांनी त्यांना देशद्रोही आणि इंग्रजांचे हस्तक ठरविले. मागणीचा युक्तिवाद मागे पडला, शिवी पुढे आली. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याच्या उपोषणकाळात तर सारा देश त्यांच्याकडेच बोट दाखवीत होता. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. त्या काळातली आमची बाजू जाणून घेणाऱ्याला ‘जनता’चे अंक चाळावेच लागतात.

जानेवारी १९४३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त पुण्यात केलेल्या भाषणात त्यांनी या दुखण्याचे निदान केले. एके काळी व्यवसाय असलेली पत्रकारिता आता व्यापार झाली आहे, वाचकाला विचार देण्याऐवजी ती पुढाऱ्यांचे देव्हारे उभारते, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे विसरून चालणार नाही. त्यांच्या विरोधकांनी ते विसरले नाहीच. १९४५ साली काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यांविषयीच्या कार्यावर लिहिलेल्या इंग्रजी ग्रंथात ते आणखी खोल गेले. पत्र जाहिरातींवर जगते, जाहिराती व्यापाऱ्यांकडून येतात आणि व्यापारी काँग्रेसशी बांधलेले आहेत. शिवाय बातम्या पुरविणाऱ्या असोसिएटेड प्रेस या मुख्य संस्थेतील कर्मचारी एकाच उच्च जातीचे व त्याच पक्षाकडे कललेले आहेत. मग काँग्रेसला प्रतिकूल वार्ता बाहेर पडावी कशी, असा तो हिशेब होता. बातमी छापखान्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिची निवड झालेली असते, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या मते वृत्तपत्रांविषयीचा हा त्यांचा सर्वांत मोलाचा विचार, आणि सर्वांत कमी वाचला जाणारा.

‘जनता’ अनेक अडचणींतून पाव शतक चालले. ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याचे नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. प्रकृती तोवर पार ढासळली होती. ऑक्टोबरमध्ये नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. मुक्यांचा नायक म्हणून निघालेल्या पत्रापासून प्रबुद्धांच्या भारतापर्यंतची ही वाट छत्तीस वर्षांची होती.