अण्णा भाऊ साठे : गाव सुटण्याचे काव्य

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे एका मातंग कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव तुकाराम. गावगाड्यात या जातीच्या वाट्याला दोर वळणे, केरसुण्या बांधणे, वाजंत्री अशी कामे येत. मोबदला बलुत्याच्या रूपाने, म्हणजे बहुधा देणाऱ्याच्या मर्जीने मिळे. जमिनीवर हक्क जवळजवळ नव्हता. त्यात १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींविषयक कायद्याने या समाजावर जन्मतःच संशयाचा शिक्का मारला होता. हजेरीची सक्ती किती जाचक होती, हे पुढे ‘फकिरा’ (१९५९) या कादंबरीत अण्णा भाऊंनीच दाखविले. गावे ओस पडण्याची मीमांसा अवर्षण आणि गिरण्यांचे आकर्षण यांवरच थांबविणारे अभ्यासक हा सामाजिक रेटा विसरतात. गावात ज्याच्या मालकीचे काहीच नाही, त्याचे गाव सुटणे कुणबी शेतकऱ्याच्या स्थलांतराहून निराळे असते.

१९३०च्या दशकाच्या आरंभी साठे कुटुंबाने पायीच मुंबईची वाट धरली. शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. मुंबईत अण्णा भाऊंनी ओझी वाहिली, गिरणीत काम केले. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा कम्युनिस्ट चळवळीशी संबंध आला. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गाजलेली ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या संदर्भात पुन्हा वाचली पाहिजे. पोटासाठी मुंबईस निघालेला नवरा आणि मागे राहणारी बायको यांची ती ताटातूट आहे. गावाचे वर्णन तीत जवळजवळ नाही. सारे गाव त्या एका स्त्रीत सामावले आहे. दागिन्यांच्या वचनांनीही तिचे मन फुलत नाही, कारण दारिद्र्याने केलेली ताटातूट वचनांनी भरून निघत नाही, हे ती जाणते. उत्तरार्धात हीच विरहावस्था महाराष्ट्राची होते आणि तुटलेला सीमाभाग मैनेच्या जागी येतो. समीक्षेने बहुधा या रूपकाचेच कौतुक केले. परंतु ज्या श्रोत्यांनी ते डोक्यावर घेतले, त्या गिरणगावातील असंख्य कामगारांची बायकामुले खरोखरच साताऱ्यात नि कोकणात होती. त्यांच्यासाठी पूर्वार्ध हे रूपक नव्हतेच. अशी गावे रिकामी झाली नाहीत, ती कर्त्या पुरुषांवाचून उरली; शेत आणि म्हातारी माणसे स्त्रियांच्या अंगावर पडली.

लक्षणीय हे की, कवीचा स्वतःचा अनुभव असा नव्हता. त्याचे कुटुंबच गाव सोडून आले होते. छक्कडीतील विरह त्याने भोवतालच्या चाळींतून उचलला. ‘मुंबईची लावणी’त त्याच मुंबईचे दुसरे, विषमतेने भरलेले रूप येते, तेथे गावाची ओढ नाही, तसा शहराचा मोहही नाही.

१९६० मध्ये मुंबईसह महाराष्ट्र झाला, सीमाभागाचा प्रश्न मात्र राहिला. १९६१ मध्ये ‘फकिरा’ला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत अण्णा भाऊंची अनेक वर्षे गेली. १८ जुलै १९६९ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.