ज्या राजासाठी गेटवे बांधला, त्याच्या धाकट्या लेकाला फिट यायची

पालघरजवळच्या कोळगावातल्या एका ताईंनी मध्यंतरी एक रील पाठवलं. परदेशातलं घर, मुलाला फिट आलेली आणि एक लॅब्राडोर धावत जाऊन आईला उठवतो. खाली ताईंचा प्रश्न होता, असा कुत्रा आपल्याकडे मिळेल का? त्यांच्या लेकाला फिट येते, त्यामुळे रात्री त्याच्याजवळ कोणी जागायचं याच्या घरात पाळ्या लागल्यात. डॉक्टरांना दाखवायला लोकलने मुंबईला नेलं की परतताना त्याला गेटवेवर फिरवून आणतात.

गेटवे म्हटल्यावर मला जॉन आठवला.

गेटवेच्या माथ्यावर कोरलंय, राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 ला भारतात उतरले, त्याची ही आठवण. दिल्ली दरबारासाठी ते आले होते. मुलं इंग्लंडमध्येच होती. त्यातलं शेंडेफळ म्हणजे सहा वर्षांचा जॉन, आणि त्याला फेफऱ्याचा आजार होता.

जॉनचा जन्म 12 जुलै 1905 चा, सँडरिंगहॅमच्या शाही इस्टेटीवरचा. पोरगं चार महिन्यांचंही नव्हतं तेव्हा आईबाप भारताच्या दौऱ्यावर निघाले. मुंबईत फोर्टातलं म्युझियम आहे ना, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात, त्याची पायाभरणी जॉर्जने त्याच दौऱ्यात, 11 नोव्हेंबर 1905 ला केली. तेव्हा तो युवराज होता.

जॉन चार वर्षांचा असताना त्याला पहिली फिट आली. घरात पैसा, डॉक्टर, नोकरचाकर कशाचीच कमी नव्हती. कमी होती ती औषधांची. तेव्हा डॉक्टरांचा मुख्य भरवसा ब्रोमाइडवर असायचा. गंमत म्हणजे फेफऱ्यावर ब्रोमाइड चालेल हे 1857 मध्ये सुचवणारे चार्ल्स लोकॉक हे जॉनच्या पणजीचे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे डॉक्टर. फेनोबार्बिटल फिटवर चालतं हे 1912 मध्ये कळलं आणि फेनिटॉइन आलं 1938 मध्ये. मेंदूचा आलेख काढणारा ईईजीसुद्धा माणसावर पहिल्यांदा झाला तो 1924 मध्ये.

जून 1911 मध्ये बापाचा राज्याभिषेक झाला, त्या सोहळ्यात जॉन नव्हता. पुढे फिट वाढत गेल्या. पहिलं महायुद्ध चालू असताना त्याला सँडरिंगहॅमच्याच इस्टेटीवर, वुड फार्म नावाच्या घरात वेगळं ठेवलं. सोबतीला दाई शार्लट बिल. मुलं तिला लाला म्हणायची.

राजाने आजारी पोरगं लपवलं असं पुष्कळांनी लिहिलंय. मला ते अर्धंच खरं वाटतं. लहानपणी त्याचे फोटो निघायचे, लोक त्याला ओळखायचे. वुड फार्मवरही त्याला बाग होती, सायकल होती. आजी अलेक्झांड्रा त्याचे लाड करायची. विनिफ्रेड थॉमस नावाची दम्याने आजारी असलेली मुलगी तिथे राहायला आली होती, तिच्याशी त्याची गट्टी जमली. पण आजाराचं नाव बाहेर कुणी काढलं नाही. आपण फार नावं ठेवू नयेत. आपल्या हिंदू विवाह कायद्यात फेफरं हे लग्नाच्या आड येणारं कारण म्हणून 1999 पर्यंत लिहिलेलं होतं. मग घरचे लपवणारच ना.

आता कुत्र्याचं. या घराण्याला कुत्र्यांचं प्रचंड वेड. जॉनचे आजोबा सातवे एडवर्ड वारले तेव्हा, मे 1910 मध्ये, त्यांचा सीझर नावाचा टेरियर अंत्ययात्रेत शवपेटीमागे चालला होता आणि जगभरचे राजे त्याच्या मागे होते! सँडरिंगहॅमला कुत्र्यांसाठी वेगळी घरं होती. पण फिट येणाऱ्या मुलाजवळ कुत्रा ठेवून त्याला मदतीला शिकवावं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं. 1916 मध्ये शत्रूच्या देशात, जर्मनीतल्या ओल्डनबर्गमध्ये, युद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी कुत्रे शिकवायची शाळा सुरू झाली. फिटसाठी कुत्रे तयार व्हायला मात्र विसावं शतक संपत आलं.

हा कुत्रा करतो काय? मुलाला फिट आली की भुंकून घरच्यांना बोलावतो, शिकवलं असेल तर अलार्मचं बटण दाबतो, पोर शुद्धीवर येईपर्यंत चिकटून बसतो. काही कुत्र्यांना फिट आधीच कळते असं दिसतं, पण ते हमखास शिकवता येत नाही. त्यामुळे आधीच ओळखण्याची गॅरंटी देऊन कुणी पिल्लू विकत असेल तर पैसे देऊ नका, हेच ताईंना सांगितलं. प्रशिक्षणाला महिनोन्‌महिने जातात, खर्चही मोठा. आणि कुत्रा घरात आला म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की नीट उपचार मिळाले तर साधारण 70 टक्के लोकांच्या फिट थांबू शकतात. जॉनला ही सोय नव्हती.

फिट आल्यावर करायचं काम घरातल्या कुणालाही जमतं. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. चप्पल नको, कांदाही नको. फिट 5 मिनिटांच्या वर गेली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर 108 ला फोन.

जॉनजवळ लाला होती. 18 जानेवारी 1919 ला संध्याकाळी साडेपाचला तिने वुड फार्मवरून राणीला फोन केला. फिट येऊन जॉन गेला होता, वय 13. राजा-राणी गाडीने तिकडे पोचले. तीन दिवसांनी सँडरिंगहॅमच्या चर्चमध्ये त्याला पुरलं. पोराला फेफरं होतं हे लोकांना त्यानंतरच कळलं.

ताईंनी मुलाच्या शाळेत अजून सांगितलेलं नाही. सोमवारी बाईंना भेटणार आहेत.